टोपीतला मास्तर

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण कुरखेड्याच्या जंगलात शाळा अजून पोचली नव्हती. जमीनमोजणीसाठी मी आठवडाभर तिथल्या जंगलखात्याच्या नाकेदाराच्या शेजारी राहिलो. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

तो आपल्या दोन्ही पोरींना घरीच शिकवी. पण बापाचा धाक अभ्यासाला पुरत नाही, असं त्याचं ठाम मत. म्हणून पोरींनी पाट्या घेऊन मागच्या दारानं निघायचं आणि घराला वळसा घालून ओसरीवर 'शाळेत' यायचं. तिथं हा काळी टोपी घालून, छडी घेऊन बसलेला. डोक्यावर टोपी असेपर्यंत त्याला 'बाबा' म्हणायचं नाही. एकदा बायकोनं आतून "अवो, चहा!" अशी हाक मारली, तर म्हणाला, "बाई, शाळेत बोंबलू नका."

गुरुवारी वजाबाकीसाठी दिलेली मोहाची सुकी फुलं धाकटीनं खाऊन टाकली. मास्तरनं तिला छडी मारली.

संध्याकाळी टोपी खुंटीवर गेली, तशी ती त्याच्या मांडीवर येऊन बसली.

"बाबा, मास्तरनं मले मारलं. मी नाई जात उद्या."

"माह्या पोरीले मारलं? काऊन? पाह्यतोच मी त्याले!" नाकेदार खरोखरच लाल झाला होता.

सकाळी मी मुद्दाम दात घासत ओसरीसमोर रेंगाळलो. टोपी होती, छडी नव्हती. मास्तरनं मोजायला फुलं दिली आणि खायला मूठभर वेगळी दिली.

धाकटी थोरलीच्या कानाशी लागली, तरी मला ऐकू आलं, "बाबानं दम देल्ला वाटते याले."