आधी पोट

मेलेल्या माणसाच्या मनातले कावळ्याला कळते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आहे. कळत असेलही. भानुदासमामांचे म्हणणे एवढेच होते की, त्याआधी कावळ्याला स्वतःचे पोट कळते.

मामा नगरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. मी शेजारच्या मराठी विभागात. त्यांना पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते मनगटावरचे घड्याळ हातात धरून एका बुलबुलाच्या बुडाकडे एकटक पाहत होते. प्राणिशास्त्राच्या मॅडम पाखरांच्या आहारावर पीएच.डी. करत होत्या. वनखात्याच्या परवानगीने मागच्या अंगणात थोडे बुलबुल जाळीत ठेवले होते. त्यांना जिलबीचा रंग घातलेला भात मिळे, एक दिवस साधा, एक दिवस करडईचे तेल कालवलेला. खाल्ल्यावर रंगीत शीट किती वेळाने पडते, ते मामांनी वहीत टिपायचे. एकदा संस्थेचे अध्यक्ष लवाजम्यासह पाहणीला आले आणि नेमके मामा आणि जाळी यांच्या मधे उभे राहिले. मामा मान वर न करता म्हणाले, “जरा सरा साहेब, ती हागायच्या बेतात हाय.” अध्यक्ष सरले. ते कोणासाठी सरल्याची संस्थेत दुसरी नोंद नाही.

तेलाच्या दिवशी पाखरे कमी खात. पक्ष्यांना तेल आवडत नाही, असे मॅडमनी लिहून टाकले. प्रबंध बांधायला जायच्या आदल्या दिवशी मामा वही घेऊन दारात उभे राहिले.

“मॅडम, नावडत न्हाई त्यान्ला. झडप तर तेलाच्याच भातावर घालत्यात. पन थोडक्यात भागतं, आन्‌ तेलकट खाल्लेलं पोटात लई वेळ बसून ऱ्हातं. खालची वाट मोकळी झाल्याबिगर पाखरू वरून घेत न्हाई.”

मॅडमनी वही चाळली. तेलाच्या दिवशीची प्रत्येक शीट उशिराची होती. त्यांनी आख्खे प्रकरण पुन्हा लिहिले. मामांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते. हे तत्त्व ते पुढे लग्नाच्या पंगतीतही लावत. “मानसाचं पोट बी सांगतंय की,” ते म्हणत, “त्यो ऐकत न्हाई.”

गेल्या वर्षी मामा गेले. दहाव्याला नदीकाठी पिंड मांडले. कॉलेजातून मॅडम आणि मी गेलो होतो. कावळे लिंबावर ओळीने बसले होते, पण एकही खाली येईना. मुलगा विलास हात जोडून उभा होता. आईला सांभाळीन म्हणाला, बहिणीचे माहेर तोडणार नाही म्हणाला. लिंबावर हालचाल नाही. तेव्हा जामखेडहून आलेले मामांचे धाकटे भाऊ, किसनराव, डोळे पुसत पुढे झाले. विहिरीवरचे दीड एकर धाकट्याला द्यायचे दादाच्या मनात राहून गेले असावे, असे त्यांनी चारचौघांत सुचवले. त्या दीड एकरावर मामींना उरलेले आयुष्य काढायचे होते. पण पिंडासमोर दिलेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत.

“बोल बाबा,” किसनराव म्हणाले, “दादा वाट बघतोय.”

विलासने आईकडे पाहिले. मामी खाली बघत होत्या. त्याने तोंड उघडले, एवढ्यात मागून मॅडमचा आवाज आला. “विलास, थांब. काही बोलू नकोस.” मग त्यांनी क्रिया चालवणाऱ्या गुरुजींना विचारले, आमच्याआधी इथे कोण होते?

गुरुजी म्हणाले, एक मोठे घर होते. पिंडासोबत वडे, भजी, पुऱ्या, सगळे तळलेले ठेवून गेले. कावळ्यांनी चट्टामट्टा केला.

“मग त्यांचं पोट भरलंय,” मॅडम म्हणाल्या. “आपण थांबू या.”

किसनराव म्हणाले, शास्त्रात असे कुठे लिहिलेले नाही. मॅडम म्हणाल्या, मामांच्या वहीत आहे.

आम्ही लिंबाखाली थांबलो. मॅडम घड्याळ हातात धरून वर बघत होत्या. अखेर एका कावळ्याने अंग झाडले, किसनरावांच्या पांढऱ्या टोपीवर मोकळा झाला आणि तडक खाली उतरून पिंडाला शिवला.

मॅडमनी वेळ लिहून घेतली.