थोरल्याने भरलेली फट

बंदूकरावांनी उभ्या आयुष्यात एक ढेकूणही धड मारला नसेल. पण खिडक्या-दारं बसवणाऱ्या लोकांत एकदा एखाद्याला नाव पडलं की ते पडलं. पुढे मालकसुद्धा हाक मारायचा ती ‘बंदूकराव’ अशीच, आणि नव्या गिऱ्हाइकांना हा कोणी निवृत्त फौजदार आहे असं वाटायचं.

नाव पडलं ते हातातल्या फोम गनवरून. खिडकीची चौकट भिंतीत उभी केली, पाचरी ठोकून सरळ केली, की चौकट आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट उरते. त्या फटीत फोम सोडायचा. गनच्या डोक्यावर फोमचा कॅन फिरवून बसवायचा आणि चाप ओढायचा. नळीच्या तोंडातून पिवळसर फेस येतो, फुगत जातो, फट भरतो आणि थोड्या वेळाने टणक होतो. बघणाऱ्याला वाटतं, यात काय एवढं मोठं! हे वाक्य ऐकलं की बंदूकरावांना तिडीक यायची.

कारण फोम सोडणं कोणालाही जमतं. नंतरचं कोणी करत नाही. कॅन गनवरच राहू दिला आणि मागचा स्क्रू घट्ट आवळून ठेवला, तर आतला फोम आठवडेच्या आठवडे ओला राहतो. पण कॅन काढला की त्याच जागी, त्याच मिनिटाला गन साफ करायची. क्लीनरचा डबा फिरवून लावायचा, तोंडातून नितळ क्लीनर येईपर्यंत चाप ओढत राहायचा, मग टोकावरचा शेवटचा थेंब पुसायचा. हे चुकवलं की आत हवा शिरते आणि काही तासांतच गनचा आतून दगड झालेला असतो. ओला फोम क्लीनरने विरघळतो. वाळलेला देवालाही विरघळवता येत नाही, क्लीनरने फार तर त्याच्या कडा सुटतात, बाकी खरवडूनच काढावा लागतो.

कामावरच्या सगळ्यांच्या असल्या दगड झालेल्या गना शेवटी बंदूकरावांकडे यायच्या.

“बंदूकराव, जरा बघता का? हिला काय झालंय कोण जाणे.”

“काय झालंय म्हणजे? तुम्ही झालाय तिला,” असं खेकसून ते गन हातातून हिसकावून घ्यायचे. मग जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटायचे आणि हे भिंतीला टेकून दुसऱ्यांच्या आळसाच्या खपल्या काढत बसायचे. मोकळी झालेली गन न्यायला येणारा माणूस “वा, चालली की!” एवढं म्हणून निघून जायचा. बंदूकरावांची स्वतःची गन मात्र कोणी नुसती उचलून बघितली तरी त्यांचं डोकं फिरायचं.

घरी त्यांना बंदूकराव कोणी म्हणत नसे. घरी ते धाकटे होते. थोरला लांबच्या शहरात राहायचा, कसल्याशा मालाची विक्री बघायचा आणि दोन-तीन वर्षांतून एकदा उगवायचा. माणूस वाईट नव्हता, हीच खरी पंचाईत. हसरा, बोलघेवडा, आल्या आल्या आईच्या गळ्यात पडणारा. तो दारात उभा राहिला की आईचे गुडघे दुखायचे थांबायचे. वडील लवकर गेले, थोरला नोकरीसाठी बाहेर पडला आणि आई धाकट्याकडे राहिली, ती राहिलीच. तिच्या पायाचं हाड मोडलं तेव्हा तिला उचलून न्हाणीघरात नेलं ते धाकट्याने. औषधं, डॉक्टर, रात्रीचं पाणी, चष्मा हरवला की शोधणं, सगळं धाकटा आणि त्याची बायको. थोरला फोन करायचा. फोनवर तो आईला इतका हसवायचा की ती दोन दिवस तेच विनोद धाकट्याला सांगत बसायची.

आईची खोली मागच्या बाजूला होती, बोळाकडे खिडकी असलेली. जुन्या खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यात फट पडली होती. थंडीत तिथून वारं शिटी वाजवत आत यायचं आणि नेमकं आईच्या उशीवर पडायचं. बंदूकरावांनी किती वेळा म्हटलं असेल, “आई, एका दुपारचं काम आहे. फोम भरतो, वरून लिंपतो, विषय संपला.”

“नको बाई. तुझ्या त्या फेसाचा घाणेरडा वास माझ्या खोलीत नको. तू आपले चिंध्यांचे बोळे कोंब.”

मग दर थंडीत, शहरभर लोकांच्या फटी भरून आलेला हा माणूस आईच्या पलंगावर गुडघे टेकून चिंध्यांचे बोळे कोंबायचा. बायको हसायची. बंदूकराव हसायचे नाहीत. पण म्हातारीला वास सोसत नसेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता.

थोरला त्या वर्षी आला तो थंडीच्या शेवटी. बंदूकराव त्या दिवशी नुसती मापं घ्यायला गेले होते, त्यामुळे गन घरीच होती, अर्धा कॅन लावलेली, स्क्रू आवळलेला, पेटीत उभी करून ठेवलेली. संध्याकाळी ते परतले तर आई दारातच उभी. एरवी पलंगावरून उठायला दोन माणसं लागायची तिला.

“अरे, ये ये, बघ तरी! आल्या आल्या केलं त्याने. मी नुसतं म्हटलं, वारं लागतं रे, तर उठलाच बघ. आणि तू इतकी वर्षं बोळे कोंबत होतास.”

बंदूकराव खोलीत गेले. खिडकीच्या चारी बाजूंनी फोम बाहेर आला होता, गाठी-गाठींचा, पुऱ्या फुगाव्यात तसा. फट काठोकाठ भरायचीच नसते, फुगायला जागा सोडायची असते, हे थोरल्याला कोण सांगणार? खोलीभर फोमचा वास कोंडला होता. आई त्या वासात उभी राहून कौतुकाने बघत होती. नाकाला पदर नव्हता.

“वास येत नाही का गं?” बंदूकरावांनी विचारलं.

“येतोय की थोडासा. जाईल.”

थोरला चहाचा कप घेऊन आत आला. “सोपं आहे की रे हे तुझं काम! उगाच बाऊ करतोस.”

“कॅन कुठाय, दादा?”

“टाकला. संपलाच होता जवळजवळ. आणि काळजी करू नकोस, गन स्वच्छ पुसून ठेवलीय. बघ, आरशासारखी चकचकीत.”

बंदूकरावांनी पेटी उघडली. गन खरंच चकचकीत होती, बाहेरून. त्यांनी चाप ओढला. चाप तसूभरही हलला नाही. कामावर कोणी असं केलं असतं तर त्याचं डोकं फुटलं असतं, पण इथे आई बघत होती आणि आई खूश होती. “चांगलं झालं,” ते म्हणाले, आणि पेटी मिटली.

थोरल्याच्या निघण्याच्या दिवशी सकाळी ते मागच्या पायरीवर जुनं फडकं पसरून बसले. आधी कॅन बसतो त्या वाटीत क्लीनर फवारला आणि वाट बघितली. तिथली फोम अडवणारी बारीक गोळी चिकटून बसली होती. ती खिळ्याच्या बोथट टोकाने अलगद दाबत-दाबत सुटी केली. मग पान्याने पुढची नळी सोडवली. मागचा स्क्रू पूर्ण काढला आणि पकडीत फडकं धरून आतली लांब सुई मागे ओढायला लागले. ओढायचं, पण वाकवायचं नाही. सुई वाकली की गन भंगारात. थोडा क्लीनर, थोडी वाट, थोडा ओढा. सुई बाहेर आली ती पिवळ्या कवचासकट. ते कवच त्यांनी पात्याने नखानखाएवढं खरवडून काढलं. बोटांना फोमचे डाग पडले, आणि ते डाग धुऊन जात नाहीत, कातडीबरोबरच जातात.

तेवढ्यात थोरल्याची गाडी आली. आतून आईचा रडण्याचा आवाज येत होता. थोरला मागच्या दारात आला.

“निघतो रे. सांभाळ आईला. अजून त्यातच आहेस? नवी घे ना सरळ!”

बंदूकरावांच्या एका हातात सुई होती, दुसऱ्या हातात पातं. नमस्कार करायला हात नव्हता आणि मनही नव्हतं. “जपून जा, दादा,” ते म्हणाले. त्यांच्या मनात आलेलं वेगळंच होतं, पण इतक्या वर्षांत ते कधी तोंडातून बाहेर पडलं नव्हतं, ते त्या दिवशी कसं पडणार? गाडी गेल्यावर त्यांनी सगळे भाग परत जुळवले, क्लीनरचा डबा लावला आणि चाप ओढला. आधी काहीच आलं नाही. मग गढूळ थेंब, मग धार, मग नितळ धार. गन वाचली. ते कोणाला सांगावं असं घरात कोणी नव्हतं. बायको आईची समजूत घालत होती.

उन्हाळा लागला तेव्हा कळलं की खिडकी उघडत नाही. जास्तीच्या फोमने चौकट आत दाबली होती आणि झडप तिच्यात अडकून बसली होती. मागच्या खोलीची भट्टी झाली. आई दुपारभर पदराने वारा घेत पडून राहायची आणि तिचा श्वास मोजून-मापून यायचा.

“आई, जास्तीचा फोम कापतो. चौकट सैल होईल, मग मी नीट भरून देतो.”

“हात लावू नकोस.”

“अगं, गुदमरशील.”

“गुदमरू दे. त्याने किती हौसेने केलंय. त्याच्या हातचं आहे ते, राहू दे. मी विचारलं त्याला फोनवर. तो म्हणाला, बसेल आपोआप.”

इतकी वर्षं बंदूकरावांनी आवाज चढवला नव्हता. त्या दुपारी चढला. “आणि माझ्या हातचं? माझ्या हातचं काही आहे का या घरात?”

आईला त्यांच्या रागाचं खरंच आश्चर्य वाटलं. तिने चष्मा पुसला, त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी मायेने म्हणाली, “तुझं काय रे? तू असतोसच.”

बंदूकराव बाहेर येऊन पायरीवर बसले. बायकोने पाणी आणून दिलं. “मनाला लावून घेऊ नका,” ती म्हणाली. घ्यायचं नाही म्हटलं तरी ते गेलंच होतं आत. शिव्या दिल्या असत्या तर विसरता आल्या असत्या. हे विसरता येणार नव्हतं, कारण ते खरं होतं.

पण म्हातारीचा श्वास काही त्यांच्या रागासाठी थांबणार नव्हता. पुढच्या सुट्टीच्या दिवशी, आई जेवून आडवी झाल्यावर, ते पेटी आणि स्टूल घेऊन बोळात गेले. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला थोरल्याचा फोम उन्हाने करपून तपकिरी झाला होता, बोट लावलं तर भुकटी पडत होती. त्यांनी लांब पात्याने बाहेरूनच फटीत शिरून फोम कापायला घेतला. आतला फुगवटा तेवढा ठेवला, आईला दिसणारा, पोळीसारखा पातळ. त्याच्यामागचं सगळं काढलं. दाबलेली चौकट हळूच मागे सरकली. त्यांनी पाचरी घालून ती सरळ केली, फोम नीट धरावा म्हणून फटीवर पाणी शिंपडलं आणि फोम भरला, जागा सोडून, खालून वर, एका दमात. फोम वाळल्यावर वाढीव भाग कापला आणि वरून लिंपलं, म्हणजे उन्हाने परत भुकटी व्हायला नको. थोरल्याचा फोम आत जसाच्या तसा दिसत होता. आता त्याला मागून धाकट्याचा आधार होता एवढंच.

लिंपण सुकेपर्यंत ते स्टुलावरच थांबले. आत आई उठली. उकाड्याने तिने सवयीने खिडकीला हात लावला, आणि झडप सहज उघडली. मग तिचा चेहरा उजळला आणि तिने घाईघाईने उशीखालचा फोन काढला. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून आवाज मोठाच ठेवलेला असायचा. बंदूकराव उघड्या झडपेच्या आड, हातभर अंतरावर उभे होते.

“अरे, उघडली बघ खिडकी! तू म्हणाला होतास ना, बसेल आपोआप? बसला तुझा फेस!”

“मी सांगितलं नव्हतं?” थोरल्याचं हसू बोळापर्यंत ऐकू आलं. “तुझा धाकटा उगाच घाबरवतो तुला.”

“त्याला काय कळतंय! काय गार वारं येतंय रे आता.”

बंदूकरावांनी स्टुलावरून एक पाय खाली घेतला. त्यांची सावली खिडकीतून आत हलली. आईने मान वळवली. तिने त्यांना बघितलं, स्टूल बघितलं, हातातली गन बघितली. बंदूकराव थांबले. आता तिला कळणार, असं त्यांना एकदम वाटलं.

आईने ओठांवर बोट ठेवलं. गप्प राहा, थोरल्याचा फोन आहे, अशी खूण केली आणि पाठ वळवली.

बंदूकराव आवाज न करता खाली उतरले. कॅन संपत आला होता. त्यांनी तो काढला, क्लीनरचा डबा लावला आणि नितळ धार येईपर्यंत चाप ओढत राहिले.