गेणबाची झाकली मूठ

कालव्याच्या भरावावरून चालता चालता गेणबा तिसऱ्यांदा पुढं निघून गेला आणि तिसऱ्यांदा माघारी आला. बारामतीहून येणारी एसटी सणसरला बंद पडून तास-दीड तास झाला होता. बाकीचे उतारू दुसऱ्या गाडीची वाट बघत लिंबाखाली बसले. अंथुर्ण्याच्या मुलींच्या शाळेवरच्या सिंधुबाई मात्र पिशवी खांद्याला अडकवून चालू लागल्या. दुसऱ्या दिवशी सोमवार, शाळा उघडायची. गेणबा त्यांच्याच गावचा, त्यांच्याच आळीतला. सोबतीला म्हणून निघाला. पण ही कसली सोबत? माणूस एका लयीत दहा पावलं टाकील तर शपथ. मध्येच ढेकूळ उचलून कालव्यात भिरकवायचा, ते कुठं बुडालं ते बघत उभा राहायचा, की पुन्हा पळत सुटायचा.

"तात्या, माझ्या पावलानं चाला की जरा," सिंधुबाई म्हणाल्या. "माझा जीव दमला तुमच्याकडं बघून."

"चालतूय की." चार पावलं नीट पडली. मग तो थांबला. "बाई, यवढं एक पत्र लिवून द्याल का?"

"कुणाला?"

"मालवणकडच्या एका तांडेलाला. गलबत चालवतूया त्यो. म्हणावं, एका दिसासाठी गलबत भाड्यानं पायजे."

सिंधुबाईंना हसू आवरेना. "अहो, गलबत आणून उभं कुठं करणार? ह्या कालव्यात?"

"हसा," गेणबा म्हणाला. "सारा गाव हसंल. अजून हसला न्हाय, त्योच तर घोर हाय."

गेणबा पाणबुड्या. त्याच्या बापाचीही हीच विद्या. कुणाची घागर विहिरीत पडली, मोटेची चाकं गेली, इंजनाच्या पाइपाचा फूटवॉल गाळात रुतला, की बोलावणं गेणबाला. कमरेला दोर बांधून तो सूर मारायचा आणि काठावर दोर धरून बसायची त्याची बायको छबूबाई. ती 'विठ्ठल, विठ्ठल' म्हणत मोजायची. चाळीस विठ्ठल झाले की घागर सापडो न सापडो, दोर ओढायची. गेणबाची एक रीत होती. वर येताना मुठीत तळाचा गाळ आणायचा आणि काठावरच्या दगडाला फासायचा. मग कुणी म्हणायचं नाही, की हा अर्ध्यातनं परतला. तीस वर्षांत त्याची मूठ रिकामी वर आली नव्हती. दोर ढिला पडला की छबूबाईलाच आधी कळायचं, धन्याचे पाय तळाला लागले.

दोन वर्षांपूर्वी कालव्याच्या मोरीचं दार अडकलं, ते गेणबानं बुडी मारून मोकळं केलं. पाटबंधाऱ्याचे साहेब काठावर उभे होते. ते आणि त्यांचे तीन मुंबईचे दोस्त दिवाळीनंतर शिडाचं गलबत भाड्यानं घेऊन किनाऱ्या-किनाऱ्यानं हिंडायला निघणार होते. जागोजागी थांबून समुद्राच्या पोटात काय आहे ते बुडी मारून बघणार होते. साहेब म्हणाले, आमच्याबरोबर चल. अंथुर्ण्यात नारळ फुटला. गेणबाला वेशीपर्यंत पोचवायला ताशा होता.

एवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं. पुढचं गेणबानं त्या दिवशी भरावावर सांगितलं, तेही सिंधुबाईंच्या तोंडाकडं न बघता.

"एरवी कौलं न् नारळ वाहायचं गलबत त्ये. कौलाच्या जागंवर सायबांच्या खाटा टाकल्या. मला दोन दीस नुसती वांती. तिसऱ्या दिशी पाणी निवळशंख हुतं, साहेब म्हणले, जा गेणबा. मी मारली उडी. अन् बाई, पाणी आत घिईना! हिरीचं पाणी कसं, सूर मारला की लेकरागत पोटाशी घेतंय. ह्ये मला बुचासारखं वर फेकतंय. पुन्हा गेलो, पुन्हा वर. तांडेल हसून हसून शिडाच्या काठीला टेकला. म्हणतो, 'अरे घाटी, खारा पाणी ता! गोड्या पाण्यावानी घेवचा नाय!'"

"मग?"

"मग कमरंला धोंडा बांधून गेलो. कानात सुया टोचल्यागत झालं. खाली निस्तं हिरवं. तळ कुठं दिसंना. दोर एका खलाशाच्या हातात. त्याला काय माझा दम ठावं? त्यानं वढला. वर आलो तर मूठ मोकळी. सायबांनी डोळ्याला काचा लावल्या, पायात रबराची पावलं घातली, आन माशागत गेले की वो खाली! मला म्हणले, 'असू दे गेणबा, तुला भाकरी येतात ना?'" तो थांबला. "पंधरा दीस मी गलबतावर भाकरी थापल्या."

सिंधुबाईंचं पाऊल आपोआप मंदावलं.

"परत निघायच्या दिशी ओहोटीला किनाऱ्यावरनं मूठभर वाळू उपारण्यात बांधली. पोरीसोरीस्नी दाखवायला, दुसरं काय मनात न्हाय. बारामतीच्या स्टँडावर छबू उभी. 'कसं हायसा' न्हाय, 'जेवलासा का' न्हाय. म्हणली, 'मूठ?' आन मी उपारणं सोडलं. ती डोळ्याला पाणी आणून वाळू कपाळाला लावाय लागली. मी मनात म्हणलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेलो तर आळी गोळा झालेली."

ती वाळू छबूबाईच्या करंड्यात गेली, करंडा देव्हाऱ्यात. समुद्राचा तळ! नवी विहीर धरणारे चिमूटभर मागून नेऊ लागले. कुणाला पाणी लागलं, की करंड्याची महती वाढायची. सिंधुबाईंच्या स्वतःच्या देवघरातही बाळकृष्णाशेजारी कागदाच्या पुडीत ती वाळू होती. रोज सकाळी त्या तिलाही हळदकुंकू वाहायच्या. आत्ता त्यांना ते आठवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती ही!

"दोन वर्षं गप्प राहिलात. मग आताच काय झालं?" त्यांनी विचारलं.

"म्हस्कू." गेणबानं पुन्हा ढेकूळ उचललं, पण टाकलं नाही. म्हस्कू त्याचा धाकटा भाऊ. आता तोही विहिरीत उतरत होता. "वहिनीकडनं चिमूट घिऊन तावीज केला त्यानं, दंडाला बांधला. आन दोर सोडला! म्हणतूया, समुद्राचा तळ दंडाला असताना दोर कशाला? मी म्हणलं, बांध. म्हणला, 'दादा, तुला हेवा वाटतूय.' गेल्या बुधवारी कोऱ्हाळ्याच्या हिरीत उतरला, त्यो वर यीना. छबूचं चाळीस झालं, पन्नास झालं. मीच गेलो. गाळात पाय रुतलेला, डोळं पांढरं. केसाला धरून वढला. शुद्धीवर आला तर पयला दंड चाचपला. तावीज हिरीत गेला हुता. म्हणतूया, 'वहिनी, सोमवारी येतो, नवी चिमूट काढून ठेव.'"

"उद्याच की!"

"उद्या. म्हणून पत्र. गलबत घिऊन जातो, आवंदा दोन धोंडं बांधतो, पर खरा तळ आणतो."

सिंधुबाई थांबल्या. "तात्या, उद्या पत्र टाकलं तर ते पोचायचं कधी, तुम्ही जायचं कधी? आणि समजा आणलात खरा तळ. तो दंडाला बांधला म्हणजे म्हस्कूचा दम वाढणार का?"

गेणबानं हातातलं ढेकूळ बोटांनी चुरलं. माती धोतरावर सांडली.

"न्हाय," तो म्हणाला. "पाण्याला काय ठावं, खरी कुठली न् खोटी कुठली."

त्यानंतर मात्र तो बाईंच्या पावलानं चालला. पण जीव थाऱ्यावर नव्हता. तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होता, पुन्हा मोडत होता. अंथुर्ण्याच्या अलीकडं उसाचे फड लागले. गावात दिवे लागत होते. देवळाच्या कळसाकडं बघून सिंधुबाईंनी हात जोडले.

"घरी जाऊन सांगून टाका सगळं," त्या म्हणाल्या. "देव काही रागवायचा नाही."

"देवाचं भ्या न्हाय वो, छबूचं. चार डाव सांगाय गेलो. त्यो करंडा दिसला की जीभ टाळ्याला चिकटती. ती त्याच्याम्होरं दिवा लावून बसल्याली असती." एवढं बोलून तो एकदम बाईंच्या आडवा उभा राहिला. "पत्र ऱ्हाऊ द्या. दुसरं एक करा. आत्ता माझ्यासंगं घरी चला आन छबूकडनं त्यो करंडा मागून घ्या. शाळंत पोरीस्नी समुद्राची वाळू दाखवायचीया, म्हणा. तुमाला ती न्हाय म्हणायची न्हाय."

"मला खोटं बोलायला लावता, तात्या?"

"खोटं कुठं? समुद्राचीच हाय ती! खरंच दाखवा पोरीस्नी. करंडा भाईर गेला की मी तिथंच, देव्हाऱ्याम्होरं बसून तिला सांगतो. उद्या म्हस्कू आला की त्याला बी." त्याचा आवाज खाली आला. "पर चिमूटभर नगं, बाई. सगळी मागा. एक कण मागं ठिवू नका."