पहिली दहा पावलं

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. गेले चार महिने हेच चाललंय. दहा-बारा पावलं लंगडत गेलं की जरा सुटतं, मग दिवसभर नुसतं ठणकत राहतं आणि कुठे अर्धा तास बसून उठलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. साठी उलटलेल्या बाईला याहून मोठी दुखणी होतात हे मला कळतं. पण टाच ही काय दुखायची जागा आहे? कुणाला सांगितलं तर धड कीवही येत नाही.

सल्ले मात्र फुकट मिळतात. बेंगळुरातल्या आमच्या एचएसआर लेआउटच्या इमारतीत, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाची एक तरी टाच कधी ना कधी दुखलेली आहे. कुणी म्हणालं पायाखाली टेनिसचा चेंडू फिरवा, कुणी म्हणालं बर्फाची बाटली. मी दोन्ही केलं. चेंडू सोफ्याखाली गेला तो अजून तिथेच आहे, कारण मला वाकून काढता येत नाही आणि आमच्या ह्यांना तो दिसत नाही. शेवटी डॉक्टरकडे गेले. त्यांनी अंगठ्याने टाचेत नेमकं तिथेच दाबलं. मी ओरडले, तेव्हा समाधानाने मान डोलावून म्हणाले, "घरात अनवाणी चालणं आजपासून बंद."

मग शिवाजीनगरला एका जुन्या दुकानात गेले. दुकानदाराने मला खाकी कागदावर उभं केलं, "मेडम, स्वल्प वजन डालो," असं अर्ध्या कन्नडात अर्ध्या हिंदीत सांगितलं आणि पेन्सिलने पायाभोवती रेघ ओढली. आठवड्याने मऊ रबराच्या चपला मिळाल्या. इथे त्यांना सगळे एमसीआर म्हणतात. दिसायला भयंकर, पण पायाला बऱ्या. तरीही त्या घालून पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरले, तेव्हा मी गुपचूप मागे वळून पाहिलं. अक्का बघत असेल असं वाटलं.

अक्का म्हणजे माझी आई. आम्ही भावंडं तिला अक्काच म्हणतो. आमचं घराणं बेंगळुरात किती पिढ्या आहे ते कुणी मोजलेलं नाही, आणि आमची मराठी ऐकून पुण्याहून नव्याने आलेले शेजारी अजून हसतात. अक्का चौऱ्याऐंशीची आहे, चिकपेटच्या मागच्या गल्लीत माझ्या भावाकडे राहते. तिच्या घरात चपला उंबऱ्याबाहेर राहतात. स्वयंपाक मडीचा, म्हणजे सोवळ्याचा. लाल सिमेंटच्या त्या गार फरशीवर तिने सगळा जन्म अनवाणी उभं राहून काढला. अकरा माणसांचं घर होतं.

चार महिन्यांत मी तिच्याकडे एकदाही गेले नव्हते. फोनवर कधी ट्रॅफिक सांगितला, कधी पाहुणे. "सरी, सरी, सावकाश ये," एवढंच ती म्हणायची; सरी म्हणजे इथलं 'बरं'. अनवाणी चालावं लागेल हे कारण होतंच, पण ते वरवरचं. खरं कारण असं होतं की मला तिच्यासमोर लंगडायचं नव्हतं.

त्याचं असं आहे. मी बारा वर्षांची होते. संक्रांत जवळ आली होती. आमच्याकडे तिळगुळाच्या लाडवांबरोबर इथल्या रिवाजाप्रमाणे एळ्ळु-बेल्लही होतं. तीळ, शेंगदाणे, डाळं, सुक्या खोबऱ्याचे तुकडे आणि गुळाचे बारीक चौकोनी खडे एकत्र करायचे आणि घरोघरी वाटायचे. खोबरं आणि गूळ चिरायला गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्या हॉलमध्ये जमायच्या. अडकित्ते, सुऱ्या, पितळी पराती आणि एकीचं बोलणं संपायच्या आत दुसरीचं सुरू. त्या दुपारी सगळ्यांमध्ये सगळ्यात जोरात हसणारी अक्काच असायची. तिच्या सासूबाई झोपलेल्या, चूल बंद, तिचं असं वर्षातलं तेवढंच बसणं.

त्या दुपारी ती कॉफी करायला उठली आणि टाच न टेकवता, एक खांदा पाडून, भिंत धरत स्वयंपाकघराकडे निघाली. मी तिच्या मागोमाग उठले आणि अगदी तशीच चालले. टाच वर, खांदा खाली, हात भिंतीला. नकला करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. अक्काने मागे वळून पाहिलं. मी तशीच एका पायावर उभी. मग तीही हसली, आणि "सरी, आता कॉफी तूच दे सगळ्यांना," म्हणाली. मला तर बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षीपासून अक्का त्या बायकांत बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलायची, हसायची, उभ्याउभ्याच परात पुढे सरकवायची. "अहो, बसा की," कुणी म्हणालं तर म्हणायची, "चुलीवर दूध आहे." मला वाटायचं, हिला कामाशिवाय चैन पडत नाही. जवळजवळ पन्नास वर्षं तेच वाटत होतं. या दिवाळीच्या सुमाराला, हे उठायच्या आधी पहाटेच उठून मी माझी पहिली लंगडी पावलं उरकायला लागले, आणि एका सकाळी बाथरूमच्या दाराशी उभी असताना मला कळलं की अक्का का बसत नव्हती. बसलं की उठावं लागतं. मी तिथेच रडले. पाण्याचा नळ सोडून रडले, म्हणजे ह्यांना ऐकू जाऊ नये.

तेव्हापासून मला तिची माफी मागायची होती, आणि तेच सुचत नव्हतं. चौऱ्याऐंशी वय म्हणजे किती दिवस हातात आहेत ते मला कळतं. पण ती विसरली असेल, तर आपण कशाला आठवण करून द्यावी, असं म्हणून मी टाळत राहिले.

संक्रांतीचं मात्र टाळता येईना. दरवर्षी गूळ चिरायला मी जातेच. बसूनच काम आहे, निभेल, असा हिशेब केला. ऑटोने जयनगर गाठलं, पुढे मेट्रोने चिकपेट. उंबऱ्याबाहेर एमसीआर काढल्या, दात ओठ खाऊन सरळ चालत हॉलमध्ये गेले आणि पटकन खाली बसले. आता बायका कुठल्या उरल्या? भाऊ-भावजय कामावर गेलेले. मी एकटी परातीपुढे आणि अक्का दाराशी तिच्या खुर्चीवर. दोन तास खोबरं चिरलं, गूळ चिरला, कोण कुठे गेलं ते सगळं बोलून झालं. मग ती म्हणाली, "कॉफी घेऊ या," आणि मी विसरून चटकन उठले.

टाच टेकवताच डोळ्यांपुढे अंधार आला. पाय आपोआप वर गेला, खांदा पडला, हात भिंतीला लागला. तशीच दोन पावलं गेले आणि पाठीमागून अक्काचा आवाज आला.

"अजून माझी नक्कल करतेस का गं?"

आवाजात राग नव्हता. हसूही नव्हतं. मला वळताच येईना.

"नाही गं अक्का," मी भिंतीकडे तोंड करूनच म्हटलं, "खरंच दुखतंय."

अक्का म्हणाली, "कधीपासून?"

"चार महिने झाले."

"म्हणून आली नाहीस होय." ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. "बस खाली."

सिलिंडरच्या मागून तिने एक अर्धी वीट काढली. कडा झिजून गोल झालेल्या. असली वीट घरात आहे हे मला माहीतच नव्हतं. अंगणातल्या रुईची चार पानं तोडून आणली, वीट गॅसवर तापवली, फडक्यात धरून आणली आणि तिच्यावर पानं पसरली. "टेकव." मी टाच टेकवली. चर्रकन वाफ आली आणि पानांचा तो कडवट हिरवा वास. लहानपणी दुपारी स्वयंपाकघरातून हा वास यायचा. कशाचा ते मी कधी विचारलंच नव्हतं.

"अक्का, मी तेव्हा फार वाईट वागले," मी म्हटलं.

"बारा वर्षांची होतीस," ती म्हणाली. "वाईट वाटलं होतं मला. खोटं कशाला सांगू? पण चालत होतीस मात्र हुबेहूब." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी रडत होते आणि हसत होते, आणि त्यातच डॉक्टरचं, चपलांचं सगळं सांगून टाकलं. "त्या चपला डॉक्टरने घरात घालायला सांगितल्यात ना?" ती म्हणाली. "मग आण आत. हॉलपर्यंत हां. स्वयंपाकघरात नाही."

मग तिने मला खुर्ची जवळ ओढायला लावली. "सरक जरा. माझाही एक पाय मावेल विटेवर."

वीट गार होईपर्यंत आम्ही मायलेकी बसून राहिलो. तिने एळ्ळु-बेल्लाची मूठ भरून माझ्या हातात दिली, स्वतः गुळाचा एक खडा चघळत राहिली. मग कॉफीसाठी उठायची वेळ आली. तिने माझा दंड धरला, मी तिचा.

"पहिली दहा पावलं वाईट असतात," अक्का म्हणाली. "मोज."

आम्ही मोठ्याने मोजत निघालो.