सशांची सोयरीक

करोडगिरी नाक्यावर जकात घेणारा तो कारकून प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बराबर?’ म्हणायचा. माझा ससा एकटा झुरतोय म्हणून त्यानं त्याच्याकडची पांढरी मादी आणली. दोघांचे पिंजरे शेजारी ठेवून आठ दिवस त्यांचं गवत अदलाबदल केलं. “वास ओळखीचा झाला की भांडत न्हाईत, बराबर?”

नवव्या दिवशी दारं उघडली. माझ्या सशानं तिच्यापुढं मान झुकवली, ती त्याचे कान चाटू लागली. मी मेथीची काडी पुढं केली, तर त्यानं बघितलंही नाही. माझ्या पोटात दुखलं.

“आता यांना तोडायचं न्हाई, बराबर?” म्हणत तो तिला आणलेली टोपली रिकामीच घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला, तिला हाका मारत राहिला. तिनं मान वळवली नाही. तो ‘बराबर’ न म्हणताच गेला.

मला फार बरं वाटलं.