भगवंतरावांचा आकडा

चिक्कडपल्लीच्या भगवंतरावांनी भूगोल शिकवणं सोडून बारा वर्षं झाली, पण भूगोलानं काही त्यांना सोडलं नव्हतं. पावसाळाभर रोज सकाळी साडेआठला ते गच्चीवर जात, पर्जन्यमापकातलं पाणी मोजत आणि वहीत लिहीत. बायको होती तेव्हा म्हणायची, "सवत असती तर भांडले असते, या नळकांड्याशी काय भांडू?"

त्यांचं म्हणणं एकच. पाऊस किती पडला हे नुसतं विचारू नये, किती वेळात पडला तेही विचारावं. पूर्वी झड लागायची. शंभर मिलीमीटर पाऊस चार दिवस भुरभुरत यायचा, मातीत जिरायचा. शाळेला सुटी, मुलगा अविनाश दिवसभर मांडीवर. आता तेच शंभर दोन तासांत कोसळतात आणि जिरायला सवडच मिळत नाही. त्या झडीसाठी म्हाताऱ्याचा जीव तुटायचा. खरं सांगायचं तर झडीत घरी अडकणाऱ्या माणसांसाठी.

अविनाशनं बुजवलेल्या तळ्यावर घर घेतलं, तेव्हा बापलेकात जुंपली.

"अप्पा, तुमच्याच वहीत बघा ना. सालाची बेरीज तीच हाय की!"

"बेरीज तीच, पण पावसाचे दिवस निम्मे. पाणी तुझ्या घरात येईल."

अविनाशनं ऐकलं नाही. मग त्याचं येणंही आटलं आणि नात मेघना सणापुरती दिसू लागली.

यंदा सप्टेंबरात एका संध्याकाळी दोन तासांत एकशे दहा पडला. अविनाशच्या घरात कमरेइतकं पाणी शिरलं. तो, सून स्वाती आणि मेघना चिंब भिजून दारात उभे राहिले. 'सांगितलं होतं' हे शब्द भगवंतरावांच्या ओठांवर आले होते. ते गिळून त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

चार दिवस घर भरून गेलं. न्हाणीघरासाठी भांडणं, पिठल्यात मीठ जास्त, मेघनाची रात्रीची लाथ. म्हातारा सुखावला.

पाचव्या दिवशी शेजाऱ्याचा फोन आला, पाणी ओसरलं. पण रात्री पुन्हा पाऊस झाला होता. जमीन आधीच तुडुंब, तीसच्या वर पडला असेल तर जाऊ नका, असं भगवंतरावांनीच बजावलं होतं. सकाळी ते गच्चीवर गेले. अविनाश पिशवी घेऊन जिन्याखाली थांबला.

"अप्पा, किती?"

मापात जेमतेम तीन मिलीमीटर होतं. अंदाजे आकडा ठोकणाऱ्या पोरांच्या हातावर त्यांनी तीस वर्षं पट्टी मारली होती.

"बत्तीस," ते वरून म्हणाले.

अविनाशनं पिशवी खाली ठेवली. "आज जायला नक्को," तो स्वातीला म्हणाला. "अप्पांचा आकडा चुकत नाही."

हे वाक्य ऐकायला ते किती वर्षं आसुसले होते! गच्चीवरून खाली उतरायचा मात्र त्यांना धीर होईना.