गळ्यातली सोडलेली जागा

गुणाजी राणे यांचा कुणावरच विश्वास नव्हता आणि त्याचं त्यांना जरासुद्धा वाईट वाटत नसे. तरुणपणी ते गिरणीच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासायचे. मग गेटवर बोर्ड लागला, ‘दुरुस्तीसाठी बंद’. त्या एका बोर्डावर मात्र त्यांनी विश्वास ठेवला आणि सात महिने रोज गेटपर्यंत जाऊन आले. गिरणी काही उघडली नाही. पुढे कांजूरमार्गला राहून लिफ्टमनची नोकरी केली. पण तेव्हापासून दूधवाल्याच्या मापापासून जावयाच्या बढतीपर्यंत प्रत्येक गोष्ट ते उलटसुलट करून बघत.

अशा माणसाला चौसष्टाव्या वर्षी घशात, जिभेच्या मुळाशी कॅन्सर झाला. रेडिएशन ठरलं. डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर त्यांच्याच गळ्याचं चित्र दाखवलं. किरण जाणार तो भाग लाल आणि खाली मधोमध एक छोटी जागा निळी.

“ही थायरॉइडची गाठ, सगळ्यांनाच असते. तिला होईल तेवढं वाचवायचं. ती निकामी झाली तर सारखा थकवा, अंगाला सूज आणि जन्मभर गोळ्या.”

गुणाजींनी मान डोलावली, पण ‘गाठ’ ऐकल्यापासून त्यांचं डोकं फिरलं होतं. घरी येताच बायकोला, मालनला म्हणाले, “अर्धवट काम करतत गो. गाठ आसा म्हणतत, आणि तीच सोडतत!”

“डॉक्टरांका कळता. तुमी गप रवा.”

गप राहतील ते गुणाजी कसले! टेबलावर निजवलं की डोक्यापासून खांद्यापर्यंत जाळीचा मास्क बसवत, रुग्ण हलू नये म्हणून. पण जेवण जात नसल्याने ते पार सुकले होते आणि मास्क सैल पडला होता. तंत्रज्ञ मुलगी खोलीबाहेर गेली, की गुणाजी हळूच डोक्याच्या दिशेला सरकत. म्हणजे किरण आपोआप खाली, त्या निळ्या जागेवर पडणार. चार दिवस त्यांनी हे केलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पाचव्या दिवशी ती मुलगी, श्रुतिका, मास्क काढून समोरच उभी राहिली. “काका, खरं सांगा. तुम्ही मुद्दाम सरकता ना?”

“तुमी ती गाठ सोडलास. माका सगळा दिसता.”

“अहो, तिथे कॅन्सर नाहीच! तो इकडे वर आहे. तुम्ही सरकलात की थायरॉइड भाजणार आणि कॅन्सरचा वरचा भाग सुटणार.”

गुणाजी ताडकन उठून बसले. “चार दिवस... फुकट गेले?”

“एकही नाही. मशीन चालू करायच्या आधी रोज फोटो काढतो आम्ही. ‘उशी बघते’ म्हणून मी आत यायचे ना? तेव्हा तुम्हालाच जागेवर आणायचे आणि पुन्हा फोटो बघूनच मशीन चालू करायचे.”

गुणाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पोरीची नजर चुकवून ते सरकत होते, तीच रोज त्यांचा जीव सांभाळत होती. त्या आठवड्यात त्यांना मापाचा नवा मास्क करून मिळाला. तो चढवून श्रुतिका दाराकडे वळली, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. तिने मास्क सैल केला.

“पोरी, मशीन लावच्या आधी नीट बघ. माझो काय भरवसो नाय.”